दुखणं अंगावर काढू नका : कोल्हापुरात दवाखान्याची पहिली पायरी चढणाऱ्या क्वीअर आणि ट्रान्स माणसांसाठी

माझ्या ओळखीतला एक मुलगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला आहे. वय तेवीस. त्याला बसायच्या जागी गळू झालं. सतरा दिवस त्यानं कुणाला सांगितलं नाही. हळदीचा लेप लावला, मेडिकलमधनं दुखायची गोळी आणली आणि गाडीवर एका मांडीवर तिरका बसून तो कामावर जात राहिला. ताप चढून हातपाय थरथरायला लागले तेव्हा त्यानं मला फोन केला. सर्जननी चीर देऊन पू काढला, वीस मिनिटांचं काम होतं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मला वाटलं, बघितल्याबरोबर ओळखतील." सर्जननी त्याला दोनच गोष्टी विचारल्या होत्या : साखर आहे का, आणि इतके दिवस काय करत होतास.

आपल्या माणसांचं, म्हणजे समलिंगी, ट्रान्स अशा क्वीअर माणसांचं, दुखणं बहुतेक वेळा असंच चिघळतं. आजार मोठा नसतो, पण केसपेपरच्या खिडकीची भीती मोठी असते. मी स्वतः ट्रान्स बाई आहे, म्हणजे जन्मतः मुलगा समजलेली, कागल तालुक्यातली. शिवणकाम करते. डॉक्टर नाही की नर्स नाही. पण गेली सात-आठ वर्षं कोल्हापुरात नव्यानं आलेल्यांसोबत दवाखान्यात जाऊन बसते, आणि त्या बाकड्यांवर बसून जे कळलं ते इथं क्रमानं लिहिते.

आधी ठिकाण ठरवा

कोल्हापुरात दोन माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला पाहुणे निघतात. कुठलं गाव, आडनाव काय, मग अमक्याचे तुम्ही कोण? ज्या डॉक्टरांनी तुम्हाला लहानपणी इंजेक्शन दिलं, ते तुमच्या वडिलांना तालमीत भेटतात. कंपाउंडर गल्लीतलाच असतो. पेशंटची गोष्ट बाहेर न सांगणं हे डॉक्टरांचं कर्तव्यच आहे, पण बाहेर बाकड्यावर बसलेली काकू त्या नियमात येत नाही. म्हणून खासगी गोष्टीसाठी घरापासून लांबचा दवाखाना निवडा. घर गंगावेशीत असेल तर राजारामपुरी किंवा ताराराणी चौकाकडं बघा. गडहिंग्लज, राधानगरीकडच्या माणसानं त्यासाठी कोल्हापूर गाठलं तर त्यात लपवाछपवी काही नाही, ती आपली सोय आहे.

हे सगळं सवडीच्या आजारासाठी. छातीत दुखतंय, दम लागलाय, रक्त थांबत नाही, विष पोटात गेलंय, अशा वेळी जवळचा दवाखाना हाच योग्य दवाखाना. १०८ ला फोन करा. तिथं कोण ओळखेल याचा विचार नंतर करता येतो.

सरकारीत जायचं तर शहरात दसरा चौकाजवळ सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे, कसबा बावड्याला लाईन बाजारात सेवा रुग्णालय आहे, इचलकरंजीत आयजीएम रुग्णालय, गडहिंग्लजला उपजिल्हा रुग्णालय. सीपीआरला सकाळी लवकर जा आणि दिवसभराची तयारी ठेवून जा. एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन सरकारी आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, मोफत होतं. गुप्तरोगांसाठी सरकारी दवाखान्यांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं. बरेच जण ती पाटी वाचतात आणि सिक्युरिटीची खोली समजून पुढं जातात.

खासगी डॉक्टरकडं जाण्याआधी फोन करा. मी नव्या माणसाला हे वाक्य चिठ्ठीवर लिहून देते : "नमस्कार, मी ट्रान्स व्यक्ती आहे. पोटाच्या तपासणीसाठी यायचंय. आधारवरचं नाव वेगळं आहे, मी वापरते ते नाव वेगळं आहे. मॅडम तपासतील का, आणि गर्दी कधी कमी असते?" मग पलीकडचं पहिलं अर्धं मिनिट नीट ऐका. "थांबा, विचारून सांगतो" हे चांगलं उत्तर आहे. फोनवरच हसू ऐकू आलं तर फोन ठेवा आणि दुसरा नंबर लावा. त्या दारात उभं राहून ते हसू ऐकण्यापेक्षा घरात बसून ऐकलेलं कधीही बरं. कुठल्या डॉक्टरांकडं चांगली वागणूक मिळते हे आपल्यातल्याच जुन्या माणसांना ठाऊक असतं. कुणीच ओळखीचं नसेल तर आयसीटीसीतल्या समुपदेशकांना विचारा, समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथीयांसोबत काम करणाऱ्या संस्थांशी त्यांचा संबंध असतो. १०९७ ही एचआयव्हीबद्दलची मोफत हेल्पलाइन आहे.

केसपेपरची खिडकी

माझी स्वतःची गोष्ट सांगते. मुतखड्याच्या कळा सुरू होत्या म्हणून एका दवाखान्यात गेले. केसपेपर काढला. आतून माझं जुनं नाव पुकारलं गेलं. मी उठले, तर पुकारणाऱ्यानं माझ्या साडीकडं बघितलं, कागदाकडं बघितलं आणि तेच नाव परत, जास्त मोठ्यानं पुकारलं. अख्खं बाकडं वळलं. मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. दोन दिवस घरी लोळत काढले. आज ती वेळ आली तर मी काय करीन, तेच खाली लिहिते.

खिडकीशी बोलायच्या आधी चिठ्ठी सरकवा. त्यावर आधारवरचं नाव, वापरातलं नाव आणि एक ओळ : "कृपया आडनावानं हाक मारा." हा उपाय साधा आहे आणि बहुतेक ठिकाणी चालतो. पाटील, कांबळे, जाधव म्हणून हाक आली की कुणी वळून बघत नाही. टोकन नंबर असेल तर त्याहून चांगलं.

लिंगाच्या रकान्यात 'इतर' किंवा 'ट्रान्सजेंडर' लिहायला सांगता येतं. १५ एप्रिल २०१४ च्या, ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयानं आपली ओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्यानंतर २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्तींचा कायदा आला, त्यात आरोग्यसेवेत भेदभाव करायला मनाई आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या ट्रान्सजेंडर प्रमाणपत्राचे नियम ज्या दिवशी अर्ज कराल त्या दिवशीचे बघा. पण तापाची गोळी घ्यायला, दात काढायला, टाके घालायला ते प्रमाणपत्र लागत नाही. "आधी सर्टिफिकेट आणा" असं कुणी म्हटलं तर शांतपणे सांगा, "उपचाराला लागत नाही, आधी तपासा."

एक गोष्ट मात्र काटेकोर पाळा. एका आजाराचे सगळे कागद एकाच नावाचे ठेवा. केसपेपर एका नावानं, रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्या नावानं असं झालं की विम्याचा क्लेम अडकतो आणि सरकारी योजनेतही खोळंबा होतो. क्लेम करायचा असेल तर आधारवरचं नाव लिहा आणि हाक आडनावानं मारायला सांगा. मनाला लागतं, मला माहीत आहे. मोठं ऑपरेशन असेल तेव्हा मी तरीही हाच सल्ला देते.

आत गेल्यावर काय सांगायचं

माझा नियम असा : गरजेपुरतं, पण खरं. डोळे आलेत तर तुमचं प्रेम कुणावर आहे ते डॉक्टरला सांगायची काही गरज नाही. पण काही गोष्टी लपवल्या तर नुकसान आपलंच होतं. हार्मोन सुरू असतील, कुठलंही ऑपरेशन झालं असेल, तंबाखू किंवा मावा खात असाल, तर विचारलं नाही तरी सांगा.

आपल्याकडं या गोष्टींना घरात शब्दच नाहीत, म्हणून तोंड उघडत नाही. पुस्तकी शब्द जिभेवर येत नाही आणि शिवीचा शब्द वापरायची लाज वाटते. साध्या मराठीत बोला : "माझे संबंध पुरुषांशी आहेत. मी मागून घेतो. तिथं चार दिवस दुखतंय आणि रक्त जातंय." एवढ्या तीन वाक्यांनी डॉक्टरचा अर्धा वेळ वाचतो. हे कळल्याशिवाय तो मूळव्याधीचं मलम देऊन मोकळा होईल, आणि दुखणं असेल परम्याचं, म्हणजे गनोरिया या गुप्तरोगाचं. घरी आरशासमोर दोनदा म्हणून बघा. तरीही जमलं नाही तर कागदावर लिहून पुढं करा. मी कितीतरी जणांना असं करताना बघितलंय, आणि एकाही डॉक्टरनं कागद परत केलेला नाही.

बायकांचं दुखणं वेगळं आहे. स्त्रीरोगतज्ज्ञाकडं दुसराच प्रश्न येतो, "लग्न झालंय का?" त्या प्रश्नाचा खरा अर्थ शरीरसंबंध आलाय का असा असतो, आणि त्याच्या उत्तरावर आतून सोनोग्राफी करायची की पोटावरून, गरोदरपणाची शंका धरायची की नाही, हे ठरतं. म्हणून नुसतं "नाही" म्हणून गप्प बसू नका. "लग्न झालेलं नाही. माझी जोडीदार बाई आहे. पुरुषाशी संबंध आलेला नाही," असं सांगा, किंवा आलेला असेल तर तसं. आतून तपासणी नको असेल तर तेही सांगा. आणि बाईबाईच्या संबंधातून काहीच होत नाही हा समज सोडा. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरला कारण होणारा एचपीव्हीचा विषाणू तसाही पसरतो, म्हणून त्या मुखाची तपासणी तुम्हालाही लागते.

तपासताना पडदा ओढायला सांगता येतं, सोबतचं माणूस आत ठेवता येतं, मध्येच थांबवता येतं. सीपीआरसारख्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात डॉक्टरांच्या मागं विद्यार्थी उभे असतात. त्यांना शिकायचंच असतं, आणि आपल्यासारखी माणसं बघूनच ती उद्या नीट वागतील, म्हणून जमेल तेव्हा मी त्यांना थांबू देते. पण "आत्ता विद्यार्थी नकोत" म्हणायचा हक्क तुमचा आहे. सर्दीसाठी गेलात आणि "ऑपरेशन झालंय का, खाली काय आहे?" असं विचारलं तर उलट विचारा, "डॉक्टर, याचा सर्दीशी संबंध आहे का?" आवाज न चढवता. बहुतेक जण तिथंच सावरतात.

सोनोग्राफीबद्दल ट्रान्स पुरुषांना, म्हणजे जन्मतः मुलगी समजलेल्या पुरुषांना, खास सांगायचंय. माझा एक मित्र, दाढी आलेला, ओटीपोटाच्या सोनोग्राफीला गेला. त्या तपासणीला लघवी तुंबवून बसावं लागतं. दीड लिटर पाणी पिऊन तो पोटुशा बायकांच्या रांगेत बसला, आणि प्रत्येक नवी आलेली बाई त्याला "दादा, जरा जागा द्या, ही बायकांची रांग आहे" म्हणत होती. तो चार वेळा उठला. शेवटी नंबर यायच्या आधीच त्याला लघवीला जावं लागलं, तपासणी राहिली, आणि बाहेर स्वच्छतागृहाच्या दोन दारांसमोर तो परत उभा. दुसऱ्या वेळी आम्ही आदल्या दिवशी फोन करून सकाळचा पहिला नंबर घेतला. सेंटर उघडताना रांगच नव्हती. दहा मिनिटांत झालं. रांग लागणाऱ्या प्रत्येक तपासणीसाठी पहिला नंबर मागा.

हार्मोन मेडिकलमधनं आणू नका

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण इथं माणसं दगावतात. शरीर बाईसारखं व्हावं म्हणून, मैत्रिणीच्या सांगण्यावरून पाळणा लांबवायच्या गोळ्या दिवसाला तीन-तीन, चार-चार घेणाऱ्या पोरी मी बघितल्यात. त्या गोळ्यांमधल्या इस्ट्रोजेननं रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि सिगारेट ओढत असाल तर तो आणखी वाढतो. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक दम लागला, छातीत कळ आली, तर घरात थांबू नका.

हार्मोन देणारे डॉक्टर म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट. ते सुरुवातीला रक्त तपासतात, लिव्हर बघतात, मग थोड्या डोसनं सुरू करतात आणि दर काही महिन्यांनी परत तपासतात. या तपासण्या पैसे काढायला सांगतात असं समजून टाळू नका. ट्रान्स बायकांना पुरुषी हार्मोन अडवायला देतात त्या स्पायरोनोलॅक्टोननं पोटॅशियम वाढू शकतं. ट्रान्स पुरुष घेतात त्या टेस्टोस्टेरॉननं रक्त घट्ट होऊ शकतं, म्हणून हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण बघतात. लॅबच्या कागदावर 'स्त्री' लिहिलं असेल आणि तुम्ही टेस्टोस्टेरॉनवर असाल, तर हिमोग्लोबिनसमोर 'जास्त' अशी खूण येते. घाबरून औषध बंद करू नका, डॉक्टरला दाखवा.

दोन गोष्टी सुरू करायच्या आधीच विचारा. पुढं मूल हवं वाटलं तर काय, वीर्य किंवा अंडं साठवायचं का? आणि ट्रान्स पुरुषांनो, पाळी थांबली म्हणजे गर्भ राहत नाही असं नाही. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही.

शस्त्रक्रियेसाठी कोल्हापूरची माणसं बहुतेक पुण्या-मुंबईला जातात. मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र मागितलं जातं, त्याची तयारी आधी ठेवा. दाईकडून, चोरून निर्वाण, म्हणजे लिंग काढून टाकायचं ऑपरेशन, करून घेतलेल्या बायका आमच्यात आहेत, त्यांना मी काही बोलत नाही, त्यांच्या वेळी दुसरी वाटच नव्हती. पण लघवीचा मार्ग आकसत असेल, धार बारीक होत असेल, तर यूरॉलॉजिस्टला दाखवा. त्याला जे झालंय ते खरं सांगा. छाती सपाट दिसावी म्हणून ती बांधणाऱ्या ट्रान्स पुरुषांनी क्रेप बँडेज वापरू नये, ते श्वासागणिक आवळत जातं. नीट मापाचं बाइंडरही, म्हणजे त्यासाठीचं घट्ट बनियन, दिवसाला आठ तासांच्या वर नको, आणि झोपताना तर काढाच.

आपल्या भागात जोगते आहेत, यल्लम्माला वाहिलेले. त्यांच्या जटेवरून, हिरव्या चुड्यावरून दवाखान्यात कुणी बोललं तर मला फार वाईट वाटतं. ताप तपासायला जट कापावी लागत नाही. डोक्याला जखम असेल, टाके घालायचे असतील, तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरला कारण विचारा आणि मग ठरवा.

बहात्तर तास

कंडोम फाटला, जबरदस्ती झाली, तर घड्याळ बघा. एचआयव्ही टाळणारी पीईपी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. सीपीआरच्या अपघात विभागात जा, "पीईपी हवंय" हे शब्द वापरा. तिथं अडलं तर थांबून राहू नका, खासगी फिजिशियनकडून लिहून घ्या. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल तिसऱ्याला सांगता येत नाही. ऑपरेशनआधी गुपचूप तपासणी करून फाईलवर लाल शाईनं लिहिणं यात बसत नाही. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर त्याच फेरीत विचारून घ्या.

मनाचा डॉक्टर

घरचे "याला दुरुस्त करून द्या" म्हणून घेऊन जातात. आधी देवऋषी, मग मानसोपचार, आणि शेवटी लग्न. समलिंगी असणं हा आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच ते आजारांच्या यादीतून काढलं. बदलून देतो म्हणणारा उपचार हा डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलंय. कुणी शॉक, इंजेक्शन किंवा "सहा महिन्यांत पोरगी आवडायला लागेल" असं सांगितलं, तर उठून या. याचा अर्थ मानसोपचार टाळा असा नाही. झोप उडाली, जीव नकोसा झाला, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. मला स्वतःला एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी सावरलं.

आणखी एक कागद करून ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, अठरा वर्षांवरच्या कुणालाही साध्या कागदावर सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. तो नातेवाईकच असावा असं नाही. जोडीदार चालतो, मैत्रीण चालते. घरच्यांनी जबरदस्तीनं भरती करायचा प्रयत्न केला तर हा कागद मोलाचा ठरतो.

ॲडमिट व्हायची वेळ आली तर

शुद्धीत असलेल्या सज्ञान माणसाच्या ऑपरेशनची संमती त्याचीच. "घरच्यांना बोलवा" म्हणतात ते बिलासाठी आणि सवयीनं. सोबत कोण आहे त्याचं नाव, नंबर पहिल्याच कागदावर लिहायला सांगा. वॉर्ड कुठला, हा प्रश्न आधी सिस्टरशी बोला, कोपऱ्यातला बेड आणि एक पडदा एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. वॉर्डातल्या मावशींशी नीट बोला. पहिल्या दिवशी तोंड फिरवणारी मावशी तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी घरनं भाकरी घेऊन आली होती.

वाईट वागणूक मिळाली तर तिथल्या तिथं भांडण करू नका, त्या दिवशी उपचार घ्या. बाहेर येऊन तारीख, वेळ, खिडकी क्रमांक, काय शब्द वापरले ते मोबाईलवर लिहा. सरकारी रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षकांना लेखी द्या आणि पोच घ्या. डॉक्टरविरुद्ध तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडं करता येते. खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असा महाराष्ट्रात २०२१ पासून नियम आहे, तिचा फोटो काढून ठेवा. स्वतःच्या उपचाराचे कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात, तोंडी नको, अर्ज करा.

सगळे कागद एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये, जुना वर, नवा खाली असं करू नका, नवा वर ठेवा. डॉक्टर वरचाच बघतात.

आणि फॉलोअप सोडू नका, आपली माणसं तिथंच गळतात. त्या एमआयडीसीतल्या पोराला एक दिवसाआड ड्रेसिंगला बोलावलं होतं. पहिल्या दोन वेळा मी त्याच्यासोबत बाहेर बाकड्यावर बसले. तिसऱ्या वेळी शाहूपुरीपर्यंत आले तर त्याचा फोन आला, "ताई, येऊ नको. माझा नंबर लागलाय."